३.४ ते ५.१ : महाधमनीच्या मोजणीची आठ वर्षं

माझा दादा १९ फेब्रुवारी २०१६ रोजी गेला. आदल्या दिवशी दुपारी त्याच्या कमरेत डाव्या बाजूला कळ सुरू झाली होती. ती पुढे जांघेत उतरत होती, म्हणून तपासणाऱ्यांना मुतखडा वाटला. इंजेक्शन देऊन त्याला घरी पाठवलं. पहाटे तो बाथरूममध्ये कोसळला. वय ७१, जुना रक्तदाब, तरुणपणापासूनची सिगारेट. पोटातली महाधमनी फुगलेली होती आणि ती फुटली, हे आम्हाला शवविच्छेदनाचा अहवाल आल्यावर कळलं.

तो अहवाल देणाऱ्या डॉक्टरांनी वहिनीला एक वाक्य सांगितलं होतं : "सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी एकदा पोटाची सोनोग्राफी करून महाधमनी बघून घ्यावी." वहिनीने ते आठवडाभरात माझ्यापर्यंत पोचवलं. मी मात्र सोळा महिने काही केलं नाही. मला काही होत नव्हतं, मी कधी सिगारेट ओढली नव्हती, आणि जिथे वाचावं तिथे हा पुरुषांचा आजार असं लिहिलेलं होतं. शिवाय दादाचं नाव निघालं की घशात आवंढा यायचा. त्याच्या आजाराची तपासणी स्वतःवर करून घ्यायची ही कल्पनाच सहन होत नव्हती. हे सगळं खरं असलं तरी सोळा महिने घालवायला नको होते.

आता ऑपरेशन होऊन गेलं आहे. पहिल्या कागदापासून शेवटच्या तपासणीपर्यंत आठ वर्षं गेली. या वाटेवर जे पुढे येतील त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी थोडं शरीराबद्दल. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी. ती छातीतून पोटात उतरते, मणक्यांच्या पुढून खाली जाते आणि साधारण बेंबीच्या पातळीवर दुभंगून दोन पायांकडे जाते. पोटातला तिचा व्यास मोठ्या माणसात दोन सेंटीमीटरच्या आसपास असतो, बायकांमध्ये थोडा कमी. तो तीन सेंटीमीटर किंवा जास्त झाला की त्याला ॲन्युरिझम म्हणतात, साध्या भाषेत महाधमनीचा फुगा. बहुतेक फुगे किडनीच्या धमन्या जिथून निघतात त्याच्या खाली होतात. फुगा बहुधा दुखत नाही. म्हणून तो शोधावाच लागतो.

जून २०१७ मध्ये मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, "पोटाची सोनोग्राफी". तपासणी झाली, दोन दिवसांनी रिपोर्ट हातात आला. यकृत ठीक, पित्ताशय ठीक, दोन्ही किडन्या ठीक, प्लीहा ठीक. अगदी शेवटी एक ओळ होती : "आतड्यातील वायूमुळे महाधमनी नीट दिसली नाही." मी वरच्या ओळी वाचल्या, सुटकेचा श्वास सोडला आणि कागद कपाटात ठेवला. तीन आठवड्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला गेले तेव्हा डॉक्टरांनी तो मागितला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे नॉर्मल नाही. हे 'दिसलं नाही' आहे. ज्यासाठी पाठवलं होतं तेवढंच राहून गेलंय."

तुमच्या हातात असा रिपोर्ट असेल तर ती ओळ शोधा. 'दिसली नाही' म्हणजे तपासणी अजून व्हायची आहे.

दुसऱ्या वेळी त्यांनी चिठ्ठी वेगळी लिहिली : "पोटातील महाधमनी आणि दोन्ही इलियाक धमन्या, कमाल व्यास, सख्ख्या भावाला फुटलेला ॲन्युरिझम." इलियाक म्हणजे महाधमनी दुभंगल्यावर पायांकडे जाणाऱ्या दोन धमन्या. चिठ्ठीवरच्या या एका वाक्याने पुढचं सगळं बदललं. तपासणारीला काय शोधायचं ते कळलं आणि वेळही महाधमनीसाठी राखून मिळाली. तयारी सोपी होती. आठ तास काही खायचं नाही, गॅसवालं पेय आदल्या दिवसापासून बंद, रोजच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि नंबर सकाळचा लावायचा. दुपारपर्यंत उपाशी राहिलं की हवा जास्त गिळली जाते, असं तिथल्या सिस्टर म्हणाल्या. मधुमेह असेल तर उपाशी राहण्याआधी गोळ्या-इन्सुलिनचं डॉक्टरांना विचारून घ्या.

११ जुलै २०१७. सोनोलॉजिस्ट मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. पुढची आठ वर्षं बहुतेक वेळा त्यांनीच मला तपासलं. त्यांनी वक्राकार तोंडाचा मोठा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात तो यंत्राचा भाग, घेतला. तो कमी वारंवारतेचा असतो, दोन ते पाच मेगाहर्ट्‌झचा, म्हणून त्याचा आवाज खोलवर पोचतो. मी ३१ वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे. त्यामुळे मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. आवाज मऊ ऊतींमधून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, असं यंत्र धरून चालतं. प्रतिध्वनी किती वेळाने परतला त्यावरून खोली ठरते. मधे हवा आली तर आवाज तिथेच परत फिरतो, आणि पलीकडचं काहीच दिसत नाही. गॅसची अडचण ती हीच.

छातीच्या हाडाच्या खाली, बरोबर मध्यावर त्यांनी प्रोब आडवा ठेवला. पडद्यावर आधी मणका दिसला : पांढरी चकचकीत कमान आणि तिच्यामागे काळी सावली. "ही आपली खूण," त्या म्हणाल्या. "मणका सापडला की त्याच्या पुढे दोन काळी वर्तुळं शोधायची. पडद्याच्या उजवीकडचं, म्हणजे तुमच्या डावीकडचं, ती महाधमनी. दुसरी मोठी शीर." शीर श्वासाबरोबर आकसत होती आणि दाबली की चपटी होत होती. महाधमनी जाड भिंतीची, दाबली तरी गोल, आणि आपल्या ठेक्यात धडधडणारी. वरच्या भागात तिच्यातून निघणारा फाटा दोन्हीकडे पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा दिसला. त्याच्या खाली आतड्याला जाणारी धमनी दिसली, आणि ती व महाधमनी यांच्या बेचक्यातून डाव्या किडनीची शीर जाताना दिसली. या खुणांवरून आपण कुठल्या पातळीवर आहोत ते कळतं.

मग प्रोब इंचाइंचाने खाली सरकत गेला आणि बेंबीच्या वर चित्र पुसलं गेलं. गॅस. मॅडमनी प्रोब उचलला नाही. तिथेच ठेवून हळूहळू दाब वाढवत गेल्या, मिनिटभर तरी. मला दादा आठवला आणि मी त्यांचा हात धरला. "फुटेल ना?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "काकू, इतक्या दाबाने ती फुटत नाही. मी आतडं बाजूला सारतेय. दुखलं तर लगेच सांगा." मला उजव्या कुशीवर वळवलं, पुन्हा पाठीवर घेतलं, श्वास आत घेऊन धरायला सांगितलं. हळूहळू काळं वर्तुळ परत आलं. या वेळी ते मोठं होतं.

३.४ सेंटीमीटर.

त्यांनी तो आकडा लगेच सांगितला नाही. आधी दुभंगेपर्यंत खाली गेल्या, इलियाक धमन्या मोजल्या, प्रोब उभा करून लांबीचा छेद घेतला, पुन्हा आडव्यावर आल्या आणि तोच भाग तीनदा मोजला. नंतर खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "आहे. पण लहान आहे." मला फक्त पहिला शब्द ऐकू आला. त्या रात्री मी उताणी झोपून पोटावर हात ठेवला. बेंबीच्या वर धडधड लागत होती. बारीक माणसाला निरोगी महाधमनीचीही धडधड हाताला लागते, हे नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर काही रात्री बऱ्या गेल्या असत्या.

लहान फुग्याचं काय करायचं, याचं उत्तर बहुतेकांना पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. ते उत्तर म्हणजे थांबायचं आणि मोजत राहायचं. त्यामागे दोन मोठे अभ्यास आहेत. ब्रिटनमधल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले आणि अमेरिकेतल्याचे २००२ मध्ये. चार ते साडेपाच सेंटीमीटरचे फुगे लगेच ऑपरेशन करून घेतलेल्यांत आणि नियमित मोजत थांबलेल्यांत जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. साडेपाचचा आकडा तिथून आला. किती दिवसांनी मोजायचं हे मात्र ठिकठिकाणी वेगळं आहे. इंग्लंडच्या तपासणी कार्यक्रमात ३ ते ४.४ ला वर्षातून एकदा आणि ४.५ ते ५.४ ला दर तीन महिन्यांनी. अमेरिकेतल्या रक्तवाहिनी शल्यविशारदांची संघटना ३ ते ३.९ ला तीन वर्षांनी, ४ ते ४.९ ला वर्षाने, ५ ते ५.४ ला सहा महिन्यांनी सांगते. माझ्या डॉक्टरांनी दादाचा इतिहास बघून सुरुवातीपासून वर्षाला एक ठरवलं.

औषधांत स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू झाली, रक्तदाबाची गोळी वाढली. ही औषधं हृदय आणि मेंदूसाठी, हे मला स्पष्ट सांगण्यात आलं. फुग्याची वाढ थांबवेल असं सिद्ध झालेलं औषध नाही. वाढीशी सगळ्यात जास्त जोडलेली गोष्ट म्हणजे धूम्रपान, आणि ते सोडणं हा रुग्णाच्या हातातला सगळ्यात मोठा उपाय. चालायला पूर्ण मोकळीक होती. श्वास कोंडून जड उचलायला मनाई. आणखी एक गोष्ट मला २०१९ मध्ये दातांच्या डॉक्टरांकडे उपयोगी पडली. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातल्या प्रतिजैविकांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिला आहे : ज्यांना महाधमनीचा फुगा आहे त्यांना दुसरा पर्याय असताना ही देऊ नयेत. तेव्हापासून माझ्या पाकिटात एक कार्ड असतं. त्यावर ॲन्युरिझम, शेवटचा व्यास, तारीख, आणि 'या गटातली औषधं नकोत' एवढंच लिहिलेलं. पोटात किंवा पाठीत अचानक तीव्र कळ आली तर हे कार्ड आधी दाखवायचं, असं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं. दादाकडे असं कार्ड असतं तर मुतखड्याचा विचार मागे पडला असता.

२०१८ ला ३.५, २०१९ ला ३.७. २०२० ची तपासणी साथीमुळे सात महिने पुढे गेली. ते सात महिने मला फार जड गेले. उशिरा झालेल्या तपासणीत ३.९ आला. सप्टेंबर २०२१ ला ४.१. लहान फुगे सरासरीने वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वाढतात, म्हणजे माझा रीतीप्रमाणे चालला होता.

दर वर्षी त्याच प्रतीक्षा कक्षात बसून माझ्या आजाराचे शेजारीही ओळखीचे झाले. एक गृहस्थ शंभर पावलं चालले की त्यांच्या ढुंगणात आणि मांड्यांत गोळे यायचे, थांबले की जायचे. त्यांची महाधमनी फुगलेली नव्हती, खालच्या टोकाला अरुंद झाली होती. आतून चरबी आणि चुन्याचे थर साचलेले. त्यांची तपासणी रंगीत डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, चालायची. अरुंद जागी रक्ताचा वेग एकदम वाढतो आणि पुढे पायात नाडीची लाट बसकी होते, त्यावरून अडथळा किती ते ठरतं. एका तरुण मुलीच्या वडिलांना छातीपासून पाठीपर्यंत फाडल्यासारखी कळ येऊन गेली होती. त्यांच्या महाधमनीच्या भिंतीचे पदर सुटले होते आणि आत एक पातळ पडदा रक्ताबरोबर हलताना सोनोग्राफीत दिसला होता. मॅडमनी मला सांगितलं, की तो पडदा दिसला तर निदान जवळपास झालंच, पण नाही दिसला म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. शंका असेल तर सीटी करायचाच. फुटलेल्या फुग्याचंही तसंच. सोनोग्राफी फुगा आहे की नाही हे मिनिटभरात सांगते. रक्त मात्र बहुधा पोटाच्या मागच्या बाजूला साचतं, आणि ते सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाही.

आता मार्च २०२२. हे वर्ष मी सविस्तर लिहिणार आहे.

मुलीकडे गेले असताना माझ्या पोटात दुखायला लागलं. मध्यरात्री आम्ही जवळच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. कार्ड दाखवलं, तर खरोखरच पाच मिनिटांत पोटावर प्रोब होता. फुटलेलं नव्हतं. दुखणं आम्लपित्ताचं निघालं आणि सकाळपर्यंत गेलंही. पण रिपोर्टवर लिहिलं होतं : कमाल व्यास ४.६ सेंटीमीटर. सहा महिन्यांपूर्वी ४.१ होता. सहा महिन्यांत पाच मिलिमीटर म्हणजे झपाट्याची वाढ, आणि ती दिसली की व्यास कितीही असो, सर्जनकडे पाठवतात. मुलगी रडायला लागली. मी मृत्युपत्राचे कागद काढले. ते तीन आठवडे आम्ही घरात कोणी मोठ्याने बोललो नाही.

४ एप्रिलला मॅडमनी पुन्हा मोजलं. ४.२.

मी म्हटलं, "कोणाचं खरं?" त्यांनी दोन्ही फिल्म शेजारी-शेजारी लावल्या. दुसऱ्या दवाखान्यातल्या चित्रात महाधमनी गोल नव्हती, अंड्यासारखी होती. फुगा वाढताना महाधमनी लांबतेही, आणि माझी डावीकडे वळली होती. प्रोब शरीराला आडवा होता, पण वळलेल्या महाधमनीला तो तिरका पडत होता. काकडी तिरकी कापली की चकती लांबट होते, तसंच. घरी येऊन मी हिशोब केला : ४.२ च्या नळीला २५ अंशांनी तिरका छेद दिला तर लांबट बाजू ४.६ भरते. अगदी तोच आकडा. तीन आठवड्यांची आमची भीती त्या २५ अंशांत होती. रात्री दोन वाजता घाईत तपासणाऱ्या त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. फुटलंय की नाही, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी बरोबर आणि वेळेत दिलं होतं. वाढ किती झाली हा वेगळा प्रश्न होता, आणि तो त्या चित्राला विचारायचाच नव्हता.

त्या दिवशी मॅडमनी मला आणखी एक गोष्ट दाखवली आणि मला माझी प्रयोगशाळा आठवली. पडद्यावर मोजायला ज्या दोन खुणा ठेवतात त्यांनाही कॅलिपरच म्हणतात. व्हर्निअर कॅलिपरला, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या आमच्या उपकरणाला, जबड्यांच्या दोन जोड्या असतात, एक नळीचा बाहेरचा व्यास घ्यायला आणि एक आतला. महाधमनीचंही तसंच आहे. काही ठिकाणी भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजतात. इंग्लंडच्या तपासणी कार्यक्रमात आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. तिसऱ्या पद्धतीत पुढच्या भिंतीची बाहेरची कड आणि मागच्या भिंतीची आतली कड घेतात. एकाच माणसाच्या एकाच दिवसाच्या मोजणीत यामुळे काही मिलिमीटरचा फरक पडतो, आणि वर्षाची वाढही तेवढीच असते. आतलं मोजताना आणखी एक धोका असतो. फुग्याच्या आत बहुधा गुठळीचा थर बसलेला असतो, करडा, नीट न बघितला तर शेजारच्या ऊतींसारखा वाटणारा. माझ्या ४.२ मध्ये रक्त वाहायची मोकळी वाट २.८ ची होती. कोणी तेवढंच मोजलं असतं तर मला फुगा नाहीच असा रिपोर्ट आला असता.

तेव्हापासून प्रत्येक तपासणीआधी मी तीन गोष्टी मागू लागले. मोजणी आडव्या छेदात, महाधमनीच्या अक्षाला काटकोनात, पुढून मागे घ्यावी. बाहेरून बाहेर मोजलं की आतून आत, ते रिपोर्टमध्ये लिहावं. आणि कमाल व्यासाची फिल्म खुणांसकट द्यावी. कोणी वाईट मानलं नाही. एका तरुण डॉक्टरांनी तर मागचे रिपोर्ट आधी मागून घेतले. सगळ्या फिल्म मी तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावल्या, पहिल्या पानावर एक तक्ता : तारीख, व्यास, पद्धत, तपासणारी व्यक्ती. शक्य तिथे यंत्र आणि हात तेच ठेवले.

२०२३ ला ४.४. फेब्रुवारी २०२४ ला ४.७, आणि मोजणी सहा महिन्यांवर आली. ऑगस्टमध्ये ४.९. त्याच वेळी गुडघ्यांमागच्या धमन्याही बघितल्या, कारण पोटात फुगा असणाऱ्यांपैकी काहींना तिथेही असतो. माझ्या ठीक होत्या.

१७ फेब्रुवारी २०२५ ला ५.१ आला आणि मला सर्जनकडे पाठवलं गेलं. साडेपाच तर झाले नाहीत, असं मी म्हटलं. त्यांनी समजावलं, की साडेपाचचा आकडा मुख्यतः पुरुषांच्या अभ्यासांतून आला आहे. बायकांना हा आजार कमी होतो, पण झाला तर फुगा कमी व्यासाला फुटण्याचा धोका जास्त असतो, म्हणून युरोपातल्या मार्गदर्शक सूचना बायकांसाठी पाच सेंटीमीटरला ऑपरेशनचा विचार करायला सांगतात. 'पुरुषांचा आजार' या दोन शब्दांनी मला २०१६ मध्ये घरी बसवलं होतं. ते शब्द वाचून कोणी बाई थांबली असेल तर तिने थांबू नये. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला, आईला किंवा वडिलांना असेल, तर तपासून घ्यावं.

ऑपरेशन ठरवायचं तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, लागतेच. त्यासाठी आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, त्यावरून किडनीचं काम कळतं, कारण शिरेतून देतात ते औषध किडनीवर ताण आणू शकतं. सीटीत व्यास ५.३ आला. या वेळी मी घाबरले नाही. सीटीचा आकडा सोनोग्राफीपेक्षा थोडा मोठा येणं नेहमीचं आहे आणि दोन वेगळ्या पट्ट्यांचे आकडे एका तक्त्यात घालायचे नाहीत, हे तोवर शिकले होते. सीटीने बाकीचं सगळं दाखवलं : किडनीच्या धमन्या आणि फुगा यांच्यामधला निरोगी भाग, ज्याला ते मान म्हणतात, माझी २२ मिलिमीटर लांब होती, आणि जांघेकडच्या धमन्या ग्राफ्ट, म्हणजे आतून बसवायची कृत्रिम नळी, आत जाण्याइतक्या रुंद. बायकांच्या या धमन्या बऱ्याचदा अरुंद असतात, म्हणून ही मोजणी महत्त्वाची.

दोन वाटा होत्या. पोट उघडून फुगलेल्या भागात कृत्रिम नळी शिवायची, किंवा जांघेतून आतल्या आत स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे जाळीचा आधार असलेली नळी, बसवायचा. पहिलीत सुरुवातीचा धोका आणि सावरायचा काळ जास्त, पण पुढे कटकट कमी. दुसरीत सुरुवात सोपी, पण आयुष्यभर तपासण्या आणि काहींना पुन्हा छोटी दुरुस्ती. सर्जननी ठरवून टाकलं नाही, दोन आठवडे विचार करायला दिले. त्या दिवसांत मी आइन्स्टाइनबद्दल वाचलं. १९४८ मध्ये त्यांच्या पोटातला फुगा सापडला तेव्हा सर्जन निसेन यांनी तो सेलोफेनमध्ये गुंडाळला होता, कारण त्या काळी करण्यासारखं फार काही नव्हतं. एप्रिल १९५५ मध्ये तो फुटला, त्यांनी ऑपरेशनला नकार दिला आणि १८ एप्रिलला ते गेले. पोट उघडून पहिली यशस्वी बदली पॅरिसमध्ये द्युबोस्त यांनी १९५१ मध्ये केली होती, आणि जांघेतून ग्राफ्ट बसवायची सुरुवात १९९० मध्ये ब्युनोस आयर्समध्ये पारोदी यांनी केली. भौतिकशास्त्रात मी आयुष्य घालवलं. त्या माणसाला जे मिळालं नाही ते मला निवडायला मिळत होतं. वय ७१ आणि फुफ्फुसांची जुनी कुरकुर बघून मी ग्राफ्ट निवडला.

कागदांचं काम ऑपरेशनपेक्षा लांबलं. खर्चाच्या अंदाजात ग्राफ्टची किंमत वेगळी लिहून मागा. सगळ्यात मोठा आकडा तोच असतो आणि विमा कंपनी पहिला प्रश्न त्यावरच विचारते. माझी पूर्वमंजुरी नऊ दिवस अडली. कंपनीने विचारलं : आजार पहिल्यांदा कधी कळला, आणि मार्च २०२२ मध्ये ४.६ असलेला व्यास एप्रिलमध्ये ४.२ कसा झाला? पहिल्याचं उत्तर ११ जुलै २०१७ चा रिपोर्ट. दुसऱ्यासाठी मॅडमनी पानभर पत्र दिलं, दोन्ही फिल्म जोडून, छेदाचा कोन समजावून. आठ वर्षांची फाइल नसती तर हे पत्र लिहिता आलं नसतं. संमतीपत्रं चार होती. रात्री घरी नेऊन वाचायला मागितली तर देतात, मागा.

१४ मे २०२५. कमरेखालची भूल, दोन्ही जांघांत छोटे छेद, सुमारे दोन तास. मी जागी होते. "श्वास धरा" हे वाक्य पुन्हा ऐकलं आणि या वेळी न घाबरता धरला. पहिली रात्र पाय सरळ ठेवून उताणं झोपणं हा सगळ्यात त्रासाचा भाग. जांघा आठवडाभर काळ्यानिळ्या होत्या. १७ तारखेला घरी आले. भूक मात्र महिनाभर लागली नाही, आणि थकवा दोन महिने होता. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवते.

महिन्याने सीटी झाला. ग्राफ्ट जागेवर होता, पण फुग्याच्या पोकळीत एका लहान फाट्यातून रक्त उलटं येत होतं. याला एंडोलीक म्हणतात. ग्राफ्टच्या टोकांशी किंवा जोडाशी गळती असेल तर लगेच दुरुस्त करावी लागते. लहान फाट्यातून येणारी, म्हणजे दुसऱ्या प्रकारची, बऱ्याचदा आपोआप बंद होते आणि फुगा वाढत नसेल तोवर बघत राहतात. पुन्हा बघत राहणं. आता त्याची सवय होती.

२० नोव्हेंबरला डॉपलर होता. त्याच खोलीत, त्याच मॅडमकडे. मणक्याची पांढरी कमान, पुढे वर्तुळ, आणि वर्तुळात आता दोन लहान चकचकीत वर्तुळं : ग्राफ्टचे दोन पाय. मॅडमनी रंग चालू केला. दोन्ही नळ्या रंगाने भरल्या आणि बाहेरची पोकळी काळी राहिली. त्या बराच वेळ वेगवेगळ्या कोनांतून त्या काळ्या भागावर थांबल्या, एकही ठिपका उमटला नाही. मग मोजलं. फुग्याचा बाहेरचा व्यास ४.९. आठ वर्षांत आकडा पहिल्यांदा खाली आला होता. मी तो तक्त्यात लिहिला, पद्धतीच्या रकान्यात 'बाहेरून बाहेर'. पुढची तारीख मे २०२६.

दादाचा मुलगा, माझा भाचा, आता ५२ वर्षांचा आहे. गेली नऊ वर्षं तो "बघू, आत्या" म्हणत होता. मीही सोळा महिने तेच केलं होतं, म्हणून त्याला रागावले नाही. डिसेंबरमध्ये त्याच्या चिठ्ठीवर काय लिहून घ्यायचं ते मी त्याला शब्दशः पाठवलं आणि सकाळचा पहिला नंबर लावायला सांगितला. दुपारी त्याने रिपोर्टचा फोटो पाठवला. शेवटच्या ओळीत होतं : "पोटातील महाधमनी दुभंगेपर्यंत पूर्ण दिसली. कमाल व्यास १.९ सेंटीमीटर, बाहेरून बाहेर." मी तो फोटो वहिनीला पाठवला.